वाऱ्यावर सोडलेली बिअर

ब्रसेल्सच्या मिदी स्टेशनातून बाहेर पडून आंदरलेख्त भागाकडे चालू लागलं, की थोड्याच वेळात एका साध्यासुध्या गल्लीत कांतियों ब्रुअरी लागते. बाहेरून जुनं गोदाम वाटेल अशी इमारत. दार उघडून आत पाऊल टाकलं आणि वासाने आम्हाला गाठलं: ओलं लाकूड, जुनं धान्य, आंबलेली फळं आणि या सगळ्यांच्या तळाशी तळघराचा कुबट गारवा. ब्रसेल्समध्ये नोकरी करणारा माझा मावसभाऊ सोबत होता. तो म्हणाला, ‘‘ताई, आधी सगळं बघून घेऊ. प्यायचं शेवटी.’’ हा क्रम किती योग्य होता, ते ग्लास हातात आल्यावर कळलं.

इथे होते ती लाम्बिक नावाची बिअर. बाकी बहुतेक ब्रुअऱ्यांमध्ये प्रयोगशाळेत जपलेलं, निवडक यीस्ट मोजून घालतात. लाम्बिकमध्ये कुणीही यीस्ट घालत नाही. साधारण दोन भाग बार्लीचं माल्ट आणि एक भाग मोड न आणलेला गहू गरम पाण्यात कालवतात, त्यातला गोड रस काढतात आणि तो हॉप्स नावाच्या फुलांसोबत कित्येक तास उकळतात. हॉप्सही मुद्दाम दोन-तीन वर्षं जुने घेतात. त्यांचा कडूपणा आणि सुगंध बराचसा उडालेला असतो, पण नको त्या जिवाणूंना रोखण्याची ताकद शिल्लक असते. लाम्बिकला हॉप्सकडून तेवढंच हवं असतं.

लाकडी जिना चढून आम्ही माळ्यावर गेलो. तिथे छपराखाली तांब्याची एक प्रचंड, उथळ परात पसरलेली आहे. तिच्यात सुमारे साडेसात हजार लिटर उकळता रस ओततात आणि रात्रभर उघडा ठेवतात. भिंतींतल्या झडपांमधून बाहेरची हवा आत येते, रस निवतो, आणि हवेतले, छपरातले, तुळयांवरचे यीस्ट आणि जिवाणू त्यात उतरतात. सकाळी तो रस पिंपांत भरला जातो. आम्ही गेलो त्या दिवशी परात रिकामी होती. कडेला उभी राहून मी तिच्या लालसर तळाकडे पाहत होते आणि एका रात्रीवर केवढी मोठी जबाबदारी टाकलेली आहे, याचं नवल करत होते.

नवल असलं तरी ही गोष्ट मला परकी नव्हती. कोकणात माडाच्या पोयीला छेद देऊन खाली मडकं बांधतात. पहाटे उतरवलेली गोड नीरा दुपार होईपर्यंत आंबूस माडी झालेली असते. तिच्यातही यीस्ट कुणी घातलेलं नसतं. फरक वेळेचा आहे. माडीचा सगळा जन्म एका दिवसाचा. लाम्बिकचा तीन वर्षांचा.

ती तीन वर्षं खालच्या मजल्यावर, पिंपांच्या रांगांमध्ये जातात. पिंपं बहुतेक ओकची, आधी वाइन किंवा कोन्याकसाठी वापरलेली. तुळयांना कोळिष्टकं लोंबत होती आणि ती कुणी झाडत नाही. उन्हाळ्यात माश्या आणि चिलटं पिंपांकडे धावतात, त्यांचा बंदोबस्त कोळी करतात. म्हणून इथे कोळ्याला अभय आहे.

पिंपात जे चालतं ते एकामागून एक येणाऱ्या पाळ्यांचं काम आहे. सुरुवातीचे काही आठवडे आतड्यांतल्या जिवाणूंच्या कुळातले जिवाणू वावरतात. मग नेहमीचं यीस्ट, सॅकरोमायसीस, जोर धरतं आणि बहुतेक साखर संपवून मद्य तयार करतं. हवा उबदार झाली की पेडिओकॉकस नावाचे जिवाणू लॅक्टिक आम्ल तयार करू लागतात. याच काळात काही पिंपांतली बिअर तेलासारखी दाट आणि तार धरणारी होते. ती चाखली तर कुणीही फेकून देईल. पण तिला हात लावायचा नसतो. पुढे ब्रेटानोमायसीस हे सावकाश वाढणारं रानटी यीस्ट येतं, तो चिकटपणा खाऊन टाकतं, उरलीसुरली साखर पोखरत राहतं आणि स्वतःचा गंध सोडतं.

या ब्रेटानोमायसीसचा शोध कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग ब्रुअरीत काम करणाऱ्या निल्स क्लाउसन यांनी १९०४ मध्ये जाहीर केला. इंग्लंडमधल्या मुरवलेल्या बिअरना जी खास चव येत असे, ती या यीस्टमुळे, असं त्यांनी दाखवलं. आज बहुतेक ब्रुअर आणि वाइन करणारे त्याला घाबरून असतात, कारण ते एकदा लाकडात शिरलं की हटत नाही. ब्रसेल्सच्या या इमारतीत मात्र तेच घरचं माणूस आहे.

अखेर तळमजल्यावरच्या टेबलाशी आलो. पहिल्यांदा समोर आली ती पिंपातून काढलेली साधी लाम्बिक. तिच्यात फेस नाही, बुडबुडे नाहीत. रंग जुन्या मधाचा. पहिल्या घोटाला जिभेच्या दोन्ही कडा आवळल्या गेल्या, तोंडाला पाणी सुटलं आणि घशात तुरटपणा उतरला. गोडवा नावालाही नाही. भाऊ माझ्या चेहऱ्याकडे पाहत होता. ‘‘मत आत्ता बनवू नकोस,’’ तो म्हणाला, ‘‘पहिला घोट जिभेला कळवण्यापुरता असतो.’’

मग ग्योझ आली. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लाम्बिक एकत्र करून ती बाटलीत भरतात. कोवळ्या लाम्बिकमध्ये थोडी साखर उरलेली असते, जुनीमध्ये चव आणि गंध मुरलेला असतो. बूच लावलेल्या बाटलीत ती साखर पुन्हा आंबते आणि बुडबुडे आपसूक तयार होतात. ग्लास नाकाशी नेला तर सुकं गवत, ओलं चामडं, लिंबाची साल, कच्चं सफरचंद, आणि मागे तबेल्याचा स्पष्ट वास. हा तबेला ब्रेटानोमायसीसचा. घोट घेतला आणि मघाशी टोचणारा आंबटपणा आता बुडबुड्यांवर स्वार होऊन आला, धारदार आणि स्वच्छ. पाठोपाठ लाकडाचा तुरटपणा, मग कितीतरी वेळ रेंगाळणारी एक खारट-फळट चव. दुसऱ्या घोटाला तबेला मागे सरला, लिंबू पुढे आलं. ग्लास संपत आला तेव्हा मी तो वास शोधत होते, ज्याने सुरुवातीला मला मागे ढकललं होतं.

शेवटी क्रीक घेतली. लाम्बिकच्या पिंपात आंबट चेरी टाकून काही महिने मुरवतात. कांतियोंमध्ये लिटरमागे सुमारे दोनशे ग्रॅम फळ पडतं. रंग गर्द लाल, पण साखर यीस्टने कधीच खाऊन टाकलेली. राहतो तो फळाचा गंध, सालीचा रंग आणि बियांमधून उतरलेली बदामाची किंचित झाक. गोडाशिवाय फळ कसं लागतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा चाखलं.

ही चव आज मिळते यामागे एका घराचा हट्ट आहे. पॉल कांतियों यांनी १९०० मध्ये हा व्यवसाय सुरू केला. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लोकांना गोड, सौम्य बिअर आवडू लागल्या. लाम्बिकमध्ये साखर मिसळून विकण्याची चाल रुळली, ब्रसेल्समधल्या जुन्या ब्रुअऱ्या एकेक करून बंद पडल्या. कांतियों घराण्याचे जावई जाँ-पिएर व्हान रॉय यांनी १९७८ मध्ये चालत्या ब्रुअरीचंच संग्रहालय केलं आणि लोकांना आत बोलावलं: या, बघा, मग प्या. आता त्यांचा मुलगा जाँ हे काम पाहतो.

तिथून निघताना माझ्या मनात एक गोष्ट पक्की झाली होती. हवेवर सोपवणं म्हणजे हात झटकणं, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात रस किती उकळायचा, परात कोणत्या रात्री भरायची, बिघडल्यासारख्या दिसणाऱ्या पिंपाला किती महिने हात लावायचा नाही, आणि शेवटी कोणती पिंपं एकत्र करायची, हे सगळं माणूसच ठरवतो. दोन पिंपं कधीच सारखी उतरत नाहीत, म्हणून प्रत्येक चाखावं लागतं. कुठे थांबायचं याची जाण हे इथलं खरं कसब आहे, आणि ते पिढ्यान् पिढ्या जिभेवरून जिभेवर उतरलेलं आहे.

माणसाच्या हातात नसलेली गोष्ट एकच: रात्रीची थंडी. परातीतला रस नीट निवायला रात्री तापमान साधारण उणे तीन ते अधिक आठ अंश सेल्सिअसच्या दरम्यान लागतं. ऊब असेल तर नको ते जिवाणू माजतात. म्हणून हे काम हिवाळ्याच्या महिन्यांतच चालतं, आणि तो हंगाम आता आखडत चालला आहे. २०१५ च्या नोव्हेंबरमध्ये हवा इतकी उबदार होती, की कांतियोंला काम थांबवावं लागलं. यंत्राने रस थंड करणं अवघड नाही. पण मग त्या छपराखालची हवा त्यात कशी उतरणार? हवामानबदलाचे आकडे मी पुष्कळ वाचले आहेत. एखाद्या चवीचा जीव मोजक्या थंड रात्रींवर टांगलेला असू शकतो, हे मात्र त्या माळ्यावर उमगलं, आणि तेव्हापासून ती काळजी मला सोडत नाही.

ग्योझची बाटली तुमच्या हाती आली तर ती बर्फगार करू नका. जास्त थंडीत तिचा गंध मिटून जातो. वाइनच्या ग्लासात हळूच ओता, तळाचा गाळ बाटलीतच राहू द्या. आणि पहिल्या घोटावर निकाल देऊ नका. तीन वर्षं थांबून जी तयार झाली, तिला निदान अर्धा ग्लास तरी वेळ द्या.