चाओ फ्रायाच्या खोऱ्यातील जुन्या राजधान्या

थायलंडची राजधानी बँकॉक ही आज आग्नेय आशियातील अग्रगण्य महानगरांपैकी एक असली, तरी राजधानी म्हणून तिचे वय फारसे नाही. चक्री घराण्याचा संस्थापक राम पहिला याने १७८२ मध्ये चाओ फ्राया नदीच्या पूर्व तीरावर आपली राजधानी वसवली, तेव्हा पुण्यात सवाई माधवराव पेशव्यांची कारकीर्द चालू होती. ज्या परंपरेची ही राजधानी वारसदार ठरली, तिची जडणघडण त्याच नदीखोऱ्यातील आणखी जुन्या नगरांत झाली, आणि त्यांपैकी बहुतेक नगरे सकाळी निघून संध्याकाळी परतता येईल इतक्या अंतरावर आहेत. या सहलींकडे मुख्य प्रवासाची पुरवणी म्हणून पाहिले जाते, हे दुर्दैव आहे. बँकॉकचा राजवाडा पाहण्याआधी त्या केल्या, तर राजवाड्यातील पुष्कळशा गोष्टींचा उलगडा आपोआप होतो.

कालक्रमाने पाहू जाता आरंभ पश्चिमेस सुमारे ५५ किलोमीटरवर असलेल्या नखोन पथोमपासून करावा लागतो. साधारण सहाव्या ते अकराव्या शतकांदरम्यान या प्रदेशात द्वारवती नावाने ओळखली जाणारी संस्कृती नांदली. तिचे लोक मोन भाषा बोलत आणि बौद्ध धर्म पाळत, तर द्वारवतीच्या अधिपतीचा उल्लेख असलेला संस्कृत लेख येथे सापडलेल्या चांदीच्या नाण्यांवर कोरलेला आहे. या संस्कृतीची ठळक खूण म्हणजे दगडी धर्मचक्रे, म्हणजेच बुद्धाच्या पहिल्या प्रवचनाचे प्रतीक असलेली, स्तंभांवर उभी केलेली मोठी चाके, ज्यांच्या जोडीला सारनाथच्या मृगवनाची आठवण देणारे बसलेले हरीण कोरलेले असे. मराठी वाचकाला याहून जवळची वाटेल अशी गोष्ट म्हणजे येथील प्रलंबपादासनातील बुद्धमूर्ती. प्रलंबपादासन म्हणजे आसनावर बसून दोन्ही पाय खाली सोडलेली बैठक. अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यातील आणि वेरूळच्या दहाव्या, ‘विश्वकर्मा’ लेण्यातील बुद्ध असेच बसलेले आहेत. या साम्यामागचा नेमका दुवा ठामपणे सांगता येणार नाही, परंतु वेरूळचे चैत्यगृह पाहिलेल्या माणसाला नखोन पथोमची मूर्ती परकी वाटत नाही, एवढे निश्चित. गावाच्या मध्यभागी उभा असलेला, सुमारे १२० मीटर उंचीचा फ्रा पथोम चेदी (चेदी म्हणजे स्तूप) मात्र द्वारवतीकालीन नाही. राजा मोंगकुट याने १८५३ मध्ये जुन्या, ढासळलेल्या स्तूपावर त्याचे बांधकाम सुरू केले आणि ते १८७० मध्ये त्याचा पुत्र चुलालोंगकोर्न याच्या काळात पुरे झाले.

त्याच दिशेला असलेल्या दामनोन सदुआक येथील तरंगत्या बाजाराचे आकर्षण पर्यटकांना अधिक असते. होड्यांवरची ती खरेदी-विक्री आता बहुतांशी त्यांच्यासाठीच चालते. पाहण्यासारखा आहे तो कालवा: १८६० च्या दशकात खोदलेल्या या सुमारे ३२ किलोमीटर लांबीच्या जलमार्गाने मे क्लोंग आणि था चिन या दोन नद्या जोडल्या आणि काठावरच्या बागायतीला बाजारपेठ मिळवून दिली.

या सर्व स्थळांत सर्वाधिक वेळ द्यावा असे नगर मात्र बँकॉकच्या उत्तरेस सुमारे ८० किलोमीटरवरील अयुथ्थया हेच होय. रेल्वेने दीड-दोन तासांत तेथे पोहोचता येते. चौदाव्या शतकाच्या मध्यास राजा रामाथिबोदी पहिला याने चाओ फ्राया, पासाक आणि लोपबुरी या तीन नद्यांच्या संगमावर ही राजधानी स्थापन केली, आणि नद्या व कालवे यांनी वेढलेल्या या बेटावरून पुढे चारशेहून अधिक वर्षे सयामचा कारभार चालला. पोर्तुगीज, डच आणि जपानी व्यापाऱ्यांच्या वसाहती बेटाबाहेर, नदीच्या खालच्या अंगाला होत्या. येथील वास्तूंत दोन आकार वारंवार दिसतात: एक घंटेच्या घाटाचा चेदी, आणि दुसरा प्रांग, म्हणजे ख्मेर मंदिरशिखरापासून विकसित झालेला, मक्याच्या कणसासारखा उभा मनोरा. वाट राचबुराना या विहाराचा प्रांग (वाट म्हणजे विहार) १४२४ मध्ये उभारला गेला, तो सिंहासनासाठी हत्तीवरून द्वंद्व करताना एकमेकांच्या हातून मारल्या गेलेल्या दोन राजपुत्रांच्या दहनस्थानी, त्यांच्या धाकट्या भावाकडून. त्याच्या तळघरातील सुवर्णठेवा १९५७ मध्ये चोरांनी लुटला, आणि त्यातून वाचलेले अलंकार आज तेथील चाओ साम फ्राया संग्रहालयात आहेत.

वाट महाथात येथे झाडाच्या मुळांत अडकलेल्या बुद्धमस्तकापुढे नेहमी गर्दी असते. अभ्यासू प्रवाशाने त्यातील थोडा वेळ वाचवून नदीपलीकडच्या वाट ना फ्रा मेन या, १७६७ मध्ये नगर पडले तेव्हाच्या विध्वंसातून वाचलेल्या विहाराकडे जावे. तेथे प्रलंबपादासनातील एक द्वारवतीकालीन पाषाणमूर्ती असून ती मूळची नखोन पथोमची मानली जाते. राजवाड्याच्या आवारातील वाट फ्रा सी सानफेत हा राजघराण्याचा खास विहार होता आणि त्यात भिक्षूंचा निवास नसे. बँकॉकच्या राजवाड्यातील पाचूच्या बुद्धाच्या मंदिरात हीच पद्धत पुढे चालवली गेली. त्या विहारातील, जिच्यावरचे सोने जाळून काढले गेले त्या भव्य उभ्या बुद्धमूर्तीचे अवशेष राम पहिल्याने बँकॉकला आणून वाट फो येथील एका चेदीत ठेवले, आणि अयुथ्थयाच्या भग्न तटांच्या विटाही नव्या राजधानीच्या बांधकामासाठी होड्यांतून वाहून नेल्या. नव्या नगरीने जुनीचे अनुकरण तर केलेच, शिवाय तिच्या विटाही अक्षरशः अंगी लावून घेतल्या.

आणखी उत्तरेला, सुमारे दीडशे किलोमीटरवरील लोपबुरीत ख्मेर शैलीतील तीन प्रांगांचे मंदिर आणि सतराव्या शतकात फ्रेंच वकिलातीचे स्वागत करणाऱ्या राजा नाराइचा वाडा आहे. एका दिवसात अयुथ्थयासह लोपबुरी उरकणे दोन्ही स्थळांवर अन्याय करणारे ठरते. परतीच्या वाटेवरील बांग पा-इन हा ग्रीष्मकालीन राजवाडा मात्र त्याच दिवसात बसतो. चुलालोंगकोर्नच्या काळी तेथे तळ्यातील थाई मंडप, चिनी धाटणीचा प्रासाद आणि नदीपलीकडे युरोपीय गॉथिक चर्चच्या घाटाचा बौद्ध विहार, असे सर्व शेजारी शेजारी उभे राहिले.

महाराष्ट्रातून जाणाऱ्यांसाठी नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे कोरडे, सौम्य हवेचे महिने सोयीचे. त्यातही नोव्हेंबरात, बहुधा आपल्या त्रिपुरारी पौर्णिमेच्याच रात्री, थाई लोक केळीच्या खोडाच्या द्रोणांत दिवे लावून ते पाण्यात सोडतात. त्याच्या थोडे आधी आलेल्याला हे खोरे पुराच्या पाण्याने भरलेले दिसू शकते, आणि या पुराचा अयुथ्थयाच्या इतिहासाशी थेट संबंध आहे. पावसाळ्यात भोवतालची भातशेती पाण्याखाली जाई आणि वेढा घातलेल्या शत्रूला माघार घ्यावी लागे, हेच या नगराचे संरक्षण होते. १७६६ च्या पावसाळ्यात ब्रह्मदेशाचे सैन्य वेढा न उठवता टिकून राहिले आणि एप्रिल १७६७ मध्ये नगर पडले. २०११ च्या महापुरात हेच पाणी विहारांच्या विटांच्या पायांत आणि भातखाचरांवर भराव टाकून उभारलेल्या कारखान्यांत कित्येक आठवडे साचून राहिले. तेव्हापासून पाणी अडवण्याच्या उपायांकडे अधिक लक्ष दिले जात असले, तरी पूर सामावून घेणारी मोकळी शेतजमीन जोवर कमी होत जाईल, तोवर नदीकाठच्या वाट चायवत्थनाराम यासारख्या वास्तूंचा धोका टळलेला नाही.