उत्तर आधी कागदावर

मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला मी फायनाइट एलिमेंटचं प्रॅक्टिकल घेते. पहिल्या तासाला कुणालाही संगणक सुरू करू देत नाही. फळ्यावर एक कॅंटिलिव्हर काढते. एक मीटर लांब पोलादी पट्टी, रुंदी २० मिलिमीटर, उंची ४०. एक टोक भिंतीत घट्ट, मोकळ्या टोकावर १०० न्यूटनचा भार. टोक किती खाली येईल? सूत्र मुलांनी दुसऱ्या वर्षालाच पाठ केलेलं असतं. उत्तर येतं १.५६ मिलिमीटर. ते जर्नलच्या पहिल्या पानावर लिहायचं, मगच पुढच्या वेळी लॅबमध्ये यायचं.

संगणकावर तीच पट्टी काढून आपोआप मेश करणारं बटण दाबलं की क्षणात लाल-निळं चित्र उमटतं. मेश ढोबळ असेल आणि एलिमेंट साधे, चार नोडचे असतील, तर टोक १.५६ पेक्षा बरंच कमी वाकलेलं दिसतं. या एलिमेंटच्या आत स्ट्रेन जागोजागी बदलूच शकत नाही, त्यामुळे ते वाकायच्या वेळी ताठ राहतात. कडांच्या मध्यावरही नोड असलेले, दहा नोडचे एलिमेंट घेतले की तेवढ्याच ढोबळ मेशवर उत्तर जवळजवळ नेमकं येतं. चित्रं मात्र दोन्ही वेळा सारखीच देखणी असतात. ज्याच्या वहीत १.५६ नाही, त्याला यातलं खोटं कोणतं हे ओळखायला काही साधनच नसतं.

यानंतर मी भोक असलेली पाटी देते. रुंद पाटी दोन्ही बाजूंनी ओढली, तर लहान गोल भोकाच्या काठावर ताण तिप्पट होतो. हे किर्शने १८९८ साली, संगणकाचं नावही नव्हतं तेव्हा, गणिताने दाखवलं. मेश बारीक करत गेलं की आकडा तीनच्या जवळ येऊन स्थिरावतो. मग काटकोनातला, अजिबात गोलाई नसलेला आतला कोपरा देते. तिथे मेश जितकी बारीक, तितका ताण जास्त, आणि तो कुठेच थांबत नाही. मुलं गोंधळतात, मला विचारतात, ‘मॅडम, मग खरा आकडा कोणता?’ खरा आकडा नसतोच, कारण तसा धारदार कोपरा कारखान्यात तयार होत नाही. थोडी त्रिज्या द्यावीच लागते. हा प्रश्न मुलांच्या तोंडून येणं, हेच मला या विषयाचं सर्वांत मोठं यश वाटतं.

हे सगळं परीक्षेपुरतं नाही. २३ ऑगस्ट १९९१ रोजी नॉर्वेत स्टाव्हँगरजवळच्या फ्योर्डमध्ये स्लाइप्नर ए या तेलफलाटाचा काँक्रीटचा पाया चाचणीच्या वेळी फुटून बुडाला. चौकशीत निघालं की फायनाइट एलिमेंटच्या विश्लेषणात काही भिंतींमधला शिअर ताण ४७ टक्क्यांनी कमी धरला गेला होता; त्या ठिकाणी मेश नीट बसलेली नव्हती आणि लोखंडही अपुरं पडलं. जीवितहानी झाली नाही, एवढंच नशीब. तिथली एक भिंत कुणी हाताने, तुळई समजून तपासली असती तरी शंका यायला हवी होती, असं मी वर्गात ठामपणे सांगते.

सॉफ्टवेअरची अडचण आता पूर्वीसारखी उरलेली नाही. मोठ्या कंपन्या विद्यार्थ्यांना फुकट आवृत्त्या देतात; नोडच्या संख्येवर मर्यादा असते, पण शिकायला ती पुरून उरते. कॅल्क्युलिक्स आणि ओपनफोम कोणालाही मोकळे आहेत. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प सायलॅब, ओपनफोम, ई-सिम महाविद्यालयांपर्यंत नेतो, आणि स्पोकन ट्युटोरियलचे धडे मराठीतूनही ऐकता येतात. गावाकडून आलेल्या मुलाला मॅट्रिक्सची गोष्ट स्वतःच्या भाषेत ऐकल्यावर किती धीर येतो, हे मी पाहिलं आहे. विद्युत मंडलांसाठीच्या ई-सिमच्या पोटात एनजीस्पाइस आहे, आणि त्याचं मूळ १९७० च्या दशकात बर्कलीच्या विद्यापीठात, विद्यार्थ्यांच्या हातून घडलेल्या स्पाइसमध्ये. तिथले प्राध्यापक पेडरसन यांनी ते सर्वांना खुलं ठेवलं, आणि तिथून बाहेर पडलेल्या मुलांनी ते कारखान्यांत नेलं.

उणीव आहे ती हाताने सुटणाऱ्या, उत्तर आधीच ठाऊक असलेल्या लहान उदाहरणांची. आपल्या लॅब मॅन्युअलमध्ये कोणतं बटण कुठे आहे याची पानंच्या पानं असतात. आवृत्ती बदलली की ती रद्दीत जातात. हा विषय शिकवणाऱ्या सहकाऱ्यांना माझी विनंती आहे : येत्या सत्रात त्यातली दहा पानं काढा, त्या जागी अशी पाच उदाहरणं घाला, आणि ओरलला चित्र बाजूला ठेवून मुलांना वहीतला आकडा विचारा.