ग्वाल्हेरच्या तळघरात

बाहेरगावचा पाहुणा आला की त्याला किल्ला दाखवावयाचा, हा आम्हां लश्करच्या मराठी मंडळींचा जुना नेम. गेल्या दिवाळीत इंदूरचे आप्त आले, तेव्हा मुलाबाळांसह आम्ही पुन्हा गड चढलो.

राजा मानसिंह तोमराच्या कारकिर्दीतले (१४८६ ते १५१६) मानमंदिर बाहेरून पाहताना डोळे निवतात. निळ्या फरश्यांवर हंस आहेत, हत्ती आहेत, केळी आहेत. पण जिन्याने तळघरात उतरले की हवा बदलते. उन्हाळ्यात गारवा मिळावा म्हणून बांधलेली ही दालने. मोगलांनी पुढे गडाचाच बंदिखाना केला.

याच गडावर औरंगजेबाने सख्खा भाऊ मुराद याला ठेवले. धर्मत आणि सामूगढ येथे दोघे खांद्याला खांदा लावून लढले होते. विजय मिळताच, १६५८ मध्ये, मथुरेजवळ मेजवानीच्या निमित्ताने मुरादला कैद झाली. १६६१ मध्ये त्याच्यावर एका जुन्या खुनाचा आरोप ठेवून, रीतसर न्याय करून, त्याचा शिरच्छेद करण्यात आला. दाराचा मुलगा सुलेमान शुकोह याने तर भर दरबारात विनविले होते, ‘मारायचेच तर आत्ताच मारा, पण पोस्त पाजू नका.’ बादशहाने अभय दिले. तरीही गडावर त्याला पोस्त पाजण्यात आले. अफूची बोंडे रात्रभर भिजवून केलेले ते पाणी कैद्याने पहाटे प्यायल्याखेरीज त्याला अन्न मिळत नसे. बुद्धी आणि शरीर हळूहळू विझत जाई. १६६२ मध्ये सुलेमान गेला, तेव्हा तो जेमतेम सत्तावीस वर्षांचा होता.

आमच्या मनात घर करून राहिली ती या क्रौर्याची शिस्त. त्यात संताप नाही, आरडाओरड नाही. एके ठिकाणी कायद्याचा आधार, दुसरीकडे रक्ताचा थेंबही नाही. सत्तेच्या लोभाला नुसते जिंकून भागत नाही; आपले हात स्वच्छ आहेत, असे स्वतःला पटवावेही लागते. आणि हे परक्यांचेच पाप म्हणून आपण सुटत नाही. १७७३ मध्ये शनिवारवाड्यात कोवळ्या नारायणरावाचा खून झाला, तेव्हा संशयाची बोटे सख्ख्या चुलत्याकडेच वळली होती.

इतक्यात अंधार झाला. आमच्यातल्या थोरल्या मुलाने गंमत म्हणून बॅटरी मालवली होती. धाकटी किंचाळली, तो हसला. क्षणभरच, पण त्या हसण्यात दुसऱ्याच्या भीतीची गोडी होती. आम्ही त्याला रागे भरलो खरे, पण आमचा आवाजही गरजेहून चढलाच. तोही मुकाट झाला, आणि ते आम्हाला बरे वाटले.

वर आल्यावर गुरू हरगोविंदांच्या स्मरणार्थ असलेल्या गुरुद्वारात टेकलो. जहांगीराने त्यांनाही याच गडावर कोंडले होते. सुटका झाली तेव्हा एकट्याने जाण्यास ते तयार झाले नाहीत, बावन्न राजांना सोबत घेऊनच बाहेर पडले, अशी शीख परंपरा सांगते. म्हणून ते ‘बंदीछोड’.

गड उतरताना खाली लश्करचे दिवे लागत होते. त्या प्रत्येक घरात कुणाचा तरी शब्द चालतो. सुनेवर, धाकट्यावर, हाताखालच्या माणसावर. तळघराची पहिली पायरी तिथेच कुठेतरी असते, हे पाहुण्यांना सांगावे असे वाटले. आम्ही ते स्वतःलाच सांगितले.