न ऐकलेली घंटा

सांगलीच्या हळदीच्या पेठेत पंचेचाळीस वर्षे आडत चालविलेल्या अण्णांना ‘प्रेक्षणीय स्थळ’ हा शब्दच मनापासून मान्य नव्हता. यात्रा त्यांना ठाऊक होती, व्यापारानिमित्तचा प्रवास ठाऊक होता, लग्नकार्यासाठी परगावी जाणे ठाऊक होते. परंतु केवळ पाहण्यासाठी कुठे जावे आणि त्यासाठी पैसे मोजावेत, ही गोष्ट त्यांच्या हिशेबात कधी बसली नाही. असे अण्णा २०१९ च्या जून महिन्यात पत्नीसह डेन्मार्कमधील आरहूस या शहरी पोहोचले, ते अर्थातच पर्यटनासाठी नव्हे. लेकीचे बाळंतपण होते.

पहिले बाळंतपण माहेरी व्हावे ही आपली रीत. परंतु लेक आणि जावई दोघेही तेथे नोकरीला, आणि दोन वर्षांपूर्वी एकदा आशा लागून ती मावळली होती. त्यामुळे या खेपेस तिच्या विमानप्रवासाचा धोका पत्करायला कोणीच तयार नव्हते. अखेर माहेरच उठून लेकीकडे गेले. आक्कांच्या पेटीत डिंक, अळीव, मेथी, सुंठ असा बाळंतिणीचा सारा सरंजाम होता. अण्णांच्या खिशात जमाखर्चाची नेहमीची लहान लाल वही होती.

आक्कांना तेथे काम होते, अण्णांना नव्हते. त्यात तेथील पद्धत त्यांना उमजेना. सर्व काही सुरळीत असेल तर प्रसूती तेथे सुईणच पाहते. ती रीतसर शिकलेली असते, आणि गरज पडली तरच डॉक्टर येतो. अण्णांना ही बेफिकिरी वाटली. ते दिवसभर घरात येरझाऱ्या घालीत आणि दर तासाला लेकीच्या खोलीच्या दारात उभे राहून “बरं आहे ना?” असे विचारीत. चौथ्या दिवशी लेक म्हणाली, “अण्णा, तुम्ही असे दारात उभे राहिलात की माझाच धीर सुटतो. रोज बाहेर पडा. शहर पाहा आणि संध्याकाळी येऊन मला सांगा.” तिने कागदावर ठिकाणांची यादी लिहून दिली. लेकीने सांगितलेले काम म्हणून अण्णांनी ती यादी स्वीकारली.

पहिल्या दिवशी त्यांनी नदी पाहिली. आरहूस हे डेन्मार्कमधील दुसऱ्या क्रमांकाचे शहर, जटलंडच्या पूर्व किनाऱ्यावरचे. वायकिंग काळापासूनच्या या वस्तीचे जुने नाव ‘आरोस’, म्हणजे नदीचे मुख. १९३० च्या दशकात वाहनांच्या सोयीसाठी ही नदी झाकून तिच्यावर रस्ता करण्यात आला आणि १९९० च्या दशकापासून तोच रस्ता उखडून पाणी टप्प्याटप्प्याने पुन्हा उघडे करण्यात आले. आता काठाने पायऱ्या आहेत, उपाहारगृहे आहेत आणि ऊन पडले की सारे शहर तेथे येऊन बसते. कृष्णाकाठी वाढलेल्या अण्णांना त्या नदीची रुंदी पाहून हसू आले; आपल्याकडे तिला ओढाच म्हटले असते. परंतु झालेली चूक मान्य करून, पदरचे पैसे घालून ती दुरुस्त करणे त्यांना आवडले. संध्याकाळी त्यांनी लेकीला सांगितले, “गावाने बुडीत खातं पुन्हा चालू केलंय.” लेक कितीतरी वेळ हसत होती.

त्या दिवशी त्यांना आणखी एक धडा मिळाला. पदपथ आणि मोटारींचा रस्ता यांच्यामध्ये सायकलींचा वेगळा मार्ग असतो आणि त्यावर चुकून पाऊल टाकले की मागून घंटी वाजते. नवख्या माणसाने हे आधी शिकावे. पायांत चालण्याजोगे बूट असावेत आणि जून असला तरी पाऊस-वारा अडविणारे जाकीट जवळ असावे.

दुसरे ठिकाण होते ‘डेन गॅमले ब्यू’, म्हणजे जुने गाव. १५९७ साली बांधलेले एक मोठे घर विसाव्या शतकाच्या आरंभी पाडले जाणार होते. पेटर होल्म या गृहस्थांनी ते वाचविले. घराचे भाग सुटे करून ते पुन्हा उभारले गेले आणि १९१४ साली तेथे संग्रहालय सुरू झाले. पुढे देशभरातून अशीच घरे, दुकाने, कारखाने आणून येथे एक संपूर्ण गाव उघड्या आकाशाखाली वसविण्यात आले. दगडी गल्ल्यांतून चालताना व्यापाऱ्यांची घरे लागतात. डॅनिश व्यापारी १६२० पासून तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडी येथे ठाणे देऊन होते आणि तेथून मिरी आपल्या देशी नेत. १८४५ साली त्यांनी ते ठाणे इंग्रजांना विकले. हा इतिहास अण्णांना जावयांनी आदल्या रात्रीच सांगितला होता, त्यामुळे जुन्या दुकानांपुढे ते ओळखीच्या पेढीसमोर थांबावे तसे थांबले.

त्याच गावात पुढे १९२७ सालचा एक भाग आहे आणि १९७४ सालचाही. त्या दुसऱ्या भागात रेडिओ-दूरचित्रवाणीचे दुकान आहे, त्या काळची बिऱ्हाडे आहेत. अण्णा तेथे बराच वेळ उभे राहिले. १९७४ सालीच ते वडिलांच्या गादीवर बसले होते. आपल्या उमेदीचे वर्ष संग्रहालयात जमा झालेले पाहणे हा अनुभव त्यांना नवा होता. त्या संध्याकाळी वर्णन थोडक्यात आटोपले.

पुढील दिवसांत यादी सरकत गेली. ९३ मीटर लांब आणि ९६ मीटर उंच असे देशातील सर्वांत लांब आणि सर्वांत उंच चर्च झाले. आर्ने याकोबसेन आणि एरिक म्योलर यांनी रचलेले, १९४१ साली पूर्ण झालेले नगरभवन झाले. मूळ आराखड्यात त्याला मनोरा नव्हता, लोकांनी आग्रह धरला म्हणून तो बांधला गेला. आरोस कलासंग्रहालयाच्या छतावर ओलाफुर एलियासन यांनी २०११ मध्ये उभारलेला रंगीत काचांचा वर्तुळाकार मार्ग आहे, दीडशे मीटर लांबीचा. त्यातून चालताना खालचे शहर लाल होते, पिवळे होते, मग हिरवे आणि निळे. एकच दुपार पिवळ्या काचेतून सकाळ वाटत होती आणि निळ्या काचेतून तिन्हीसांज. तेव्हा एक क्रोन म्हणजे सुमारे दहा रुपये. अण्णांनी तिकिटाच्या रकमेला दहाने गुणले, वहीत लिहिले आणि पुढे प्रथमच ‘वसूल’ असा शेरा मारला.

परंतु ज्या ठिकाणी ते पुन्हा पुन्हा गेले, तेथे तिकीट नव्हते. बंदरालगत ‘डोक वन’ हे सार्वजनिक ग्रंथालय आहे. २०१५ मध्ये ते उघडले आणि पुढच्याच वर्षी त्याला उत्कृष्ट सार्वजनिक ग्रंथालयाचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पावसामुळे अण्णा आत शिरले आणि खिडकीशी बसले. एवढ्यात इमारतीच्या मधोमध टांगलेल्या, साडेसात मीटर लांब आणि तीन टन वजनाच्या नळीसारख्या घंटेचा खोल नाद झाला. वाचणाऱ्यांनी क्षणभर माना वर केल्या, काहींनी स्मित केले आणि सारे पुन्हा आपापल्या पानांकडे वळले. शेजारच्या वृद्ध बाईंनी इंग्रजीत सांगितले, की शहराच्या मोठ्या रुग्णालयात मूल जन्मले म्हणजे आईवडील तेथील एक बटण दाबतात आणि घंटा येथे वाजते.

त्यानंतर कोणतेही ठिकाण पाहून झाले तरी दिवसाचा शेवट अण्णा ग्रंथालयात करू लागले. घंटा झाली की ते उठून उभे राहत. का, ते त्यांनाही सांगता आले नसते. एकदा मात्र ते बसूनच राहिले. दोन वर्षांपूर्वी ज्या दिवशी लेकीची आशा मावळली, त्या दिवशी येथे कोणतीही घंटा वाजली नसणार, आणि इतकी सारी माणसे काही न कळता वाचत बसली असणार, हे त्यांच्या मनात आले. त्या दिवशी सांगलीत तेही नेहमीप्रमाणे सौद्याला गेले होते.

रविवारी जावयांनी आक्कांनाही सोबत घेतले. शहराच्या दक्षिणेस मार्सेलिसबोर्ग नावाचा राजवाडा आहे. राजपुत्र क्रिस्टियन यांच्या १८९८ मधील विवाहानिमित्त जनतेने दिलेली ती भेट. राजघराणे मुक्कामाला नसेल तेव्हा त्याची बाग सर्वांना खुली असते. जवळच समुद्राकडे उतरत जाणारे स्मृतिउद्यान आहे. पहिल्या महायुद्धात बळी पडलेल्या, दक्षिण जटलंडच्या चार हजारांहून अधिक डॅनिश माणसांची नावे तेथे दगडात कोरलेली आहेत. त्यापुढे हरणांचे वन. प्रवेश विनामूल्य, गाजर आणि सफरचंद आपण न्यावे, पाव मात्र देऊ नये, तो हरणांना अपाय करतो. आक्कांच्या तळहातावरून हरणाने गाजर उचलले, तेव्हा इतक्या दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला.

परतताना गाडी गावाबाहेरून आली. रस्त्याकडेला एका लहान मांडणीवर स्ट्रॉबेरीच्या टोपल्या होत्या, भाव लिहिलेली पाटी होती, पैशांसाठी एक डबा होता, माणूस नव्हता. अण्णा दहा मिनिटे मालकाची वाट पाहत उभे राहिले. जावयांनी डब्यात नाणी टाकली आणि एक टोपली उचलली. “आणि कोणी न टाकताच नेली तर?” अण्णांनी विचारले. “तर नेली,” जावई म्हणाले, “पण बहुतेक जण नेत नाहीत, म्हणून तर हे चालतं.” अण्णा उरलेल्या वाटेवर गप्प होते. शहरात सायकलींना कुलपे असतात, हे त्यांनी पाहिले होते; तेव्हा येथील सारी माणसे साधू आहेत असा त्यांचा भ्रम नव्हता. परंतु काही थोडी टोपली बुडेल हे गृहीत धरूनही विश्वासाचा व्यवहार करता येतो, तोही न पाहिलेल्या माणसाशी, हे त्यांच्या आडतीच्या अनुभवाला नवे होते.

दिवस भरून वर चार झाले. सुईणीने लेकीला थोडे चालायला सांगितले होते. एका संध्याकाळी सारे ‘अनंत पूल’ पाहायला गेले. २०१५ मध्ये समुद्रकाठच्या शिल्पप्रदर्शनासाठी तो प्रथम उभारला गेला. साठ मीटर व्यासाचे लाकडी वर्तुळ. अर्धे वाळूवर, अर्धे पाण्यावर. त्याला आरंभ नाही आणि शेवटही नाही. रात्रीचे नऊ वाजून गेले होते तरी ऊन होते. जूनमध्ये तेथे सूर्य दहा वाजून गेल्यावर मावळतो. आक्का आणि जावई वाळूवर बसले. लेक अण्णांच्या हाताचा आधार घेऊन सावकाश चालू लागली.

अर्धा फेरा झाल्यावर ती म्हणाली, “अण्णा, मागच्या वेळी तुम्ही फोनवर काहीच बोलला नाहीत.”

पाणी फळ्यांखाली हलत होते. अण्णा बराच वेळ चालत राहिले. मग म्हणाले, “शब्द सापडला नाही, बाळ. दुकानात गेलो, दिवसभर बसलो. एक सौदा केला नाही.”

“मला वाटलं, तुम्हाला राग आला.”

“नाही गं.”

वर्तुळ पुरे झाले. लेकीने हात सोडला नाही. दोघांनी आणखी एक फेरा घातला.

तिसऱ्या दिवशी पहाटे तिला रुग्णालयात नेले. अण्णा आणि आक्का सकाळी ट्रामने शहराच्या उत्तरेकडील त्या विस्तीर्ण आवारात पोहोचले. दुपारी मुलगी झाली. सारे सुईणीनेच पाहिले. अण्णांनी तिला हात जोडले, तिनेही हसून तसेच हात जोडले. थोड्या वेळाने जावई अण्णांना बटणापाशी घेऊन गेले आणि म्हणाले, “अण्णा, तुम्हीच दाबा.”

अण्णांनी बटण दाबले. तेथे काहीच ऐकू आले नाही.

“वाजली का?”

“तिकडे वाजली, अण्णा.”

एरवी माल स्वतःच्या डोळ्यांनी तोलल्याशिवाय पावती न करणारे अण्णा त्यावर काही बोलले नाहीत. बंदराकाठी कोणीतरी अनोळखी माणसाने आता मान वर केली असेल, क्षणभर हसून पुन्हा पान उलटले असेल, एवढे त्यांना पुरे होते. सायंकाळी लाल वहीत त्यांनी तारीख घातली. जमेच्या बाजूस लिहिले : ‘घंटा, अकरा वेळा ऐकली.’ समोर खर्चाच्या बाजूस लिहिले : ‘एक दिली.’ बाकी ओढली नाही.