बोटीवर बोंबाबोंब

समजा, लोकलचा डबा उभा चिरला, एका अर्ध्यात बेड, किचन, बाथरूम बसवलं आणि पाण्यात सोडून दिला, तर जे तयार होईल ती नॅरोबोट! रुंदी जेमतेम २.१ मीटर आणि स्पीड लिमिट ताशी ६.४ किलोमीटर. काठावरून चालणारी एखादी आजी आरामात तुम्हाला ओव्हरटेक करते, वर हात हलवून जाते.

गेल्या मे महिन्यात नॉर्थ वेल्समधल्या लँगॉलेन कॅनॉलवर आम्ही तिघं अशा बोटीवर चार दिवस राहिलो. मी, अभय आणि त्याची बायको मृण्मयी. बोट अभयची. म्हणजे पाच जणांनी मिळून घेतलेल्या जुन्या बोटीत त्याचा एक हिस्सा. पण रुबाब पूर्ण कॅप्टनचा!

या कॅनॉलवर लोक येतात ते पाँटकसिल्थीच्या पुलासाठी. थॉमस टेलफर्डचा हा पूल १८०५ मध्ये सुरू झाला. ३०७ मीटर लांबीच्या लोखंडी हौदातून बोट चालते आणि डी नदी ३८ मीटर खाली. एका बाजूला पायवाट आणि कठडा. दुसऱ्या बाजूला हौदाची कड, बस्स, पुढे हवा. मृण्मयीने डोळे मिटून रामरक्षा म्हटली. मी फोटो काढले, सगळे हललेले.

मला वाटलं, ट्रिपमधला थरार संपला.

खरी गडबड आधीच सुरू होती. इंजिन बंद असलं की दिवे, फ्रिज, पाण्याचा पंप, सगळं तीन बॅटऱ्यांवर चालतं. दोन दिवस रोज सकाळी फ्रिज गार पडायच्या ऐवजी गप्प पडलेला. "जुन्या झाल्यात, जास्त चार्ज करू," असं म्हणून अभय इंजिन तासन्‌तास चालू ठेवायचा. रात्री ८ नंतर काठाला बांधलेल्या बोटीचं इंजिन चालवायचं नाही असा नियम, म्हणून तिसऱ्या संध्याकाळी सगळी भरपाई आधीच चालली होती. चर्कचा बोगदा आणि पूल ओलांडून आम्ही इंग्लंडात शिरलो होतो. समोर मेंढ्या, आत मृण्मयीचे पोहे नुकतेच झालेले. साडेसातला भिंतीवरचा कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म किंचाळायला लागला.

"अरे, शेगडी बंद आहे, कसला गॅस?" म्हणत अभय स्टुलावर चढला, अलार्मचे सेल काढायला. मला सडक्या अंड्यांसारखा वास येत होता. कार्बन मोनॉक्साइडला वासच नसतो, म्हणजे अलार्म खोटा, हे त्याचं लॉजिक. तेवढ्यात मृण्मयी म्हणाली, "माझं डोकं जड झालंय." त्या एका वाक्याने साहेब खाली उतरले.

दारं सताड उघडून आम्ही गवतावर. बाहेरच्या बटणाने इंजिन बंद. ब्रेकडाउन सेवेला फोन लावला. पलीकडच्या माणसाने आधी डोकेदुखी, उलटी कुणाला आहे का ते विचारलं. मोकळ्या हवेत डोकं उतरलं नाही तर थेट ९९९. मग म्हणाला, बॅटरीच्या तारांना हात लावू नका, ठिणगी नको, लायटर तर नकोच. मृण्मयीला अर्ध्या तासात बरं वाटलं. रात्र मात्र तिघांनी जवळच्या गावातल्या पबच्या वरच्या खोलीत काढली. पोहे बोटीतच राहिले, याचं दुःख मला अजून आहे.

सकाळी मेकॅनिक काका आले. तीन बॅटऱ्यांपैकी एकीचं पोट फुगलेलं. तारा सुटल्यावर मीटर लावला, तर बाकी दोघी १२.६ व्होल्टवर आणि ही साडेदहावर. बॅटरीत दोन-दोन व्होल्टची सहा घरं असतात, त्यातलं एक आतून शॉर्ट. रात्रभर ती चांगल्या दोघींना पिऊन टाकायची. दिवसा चार्जरला वाटायचं अजून भरायचंय, म्हणून तो करंट ढकलतच राहायचा. ती तापायची, उकळायची आणि हायड्रोजन सोडायची. सोबत सल्फरचा वास. अलार्ममधला सेन्सर कार्बन मोनॉक्साइडसाठी असला तरी हायड्रोजनलाही फसतो. नाव चुकलं, पण अलार्मने बोट बरोबर बोटीकडेच दाखवलं होतं! हवेत ४ टक्के हायड्रोजन झाला तरी एक ठिणगी पुरते, हे काकांनी चहा पिता पिता सांगितलं.

मग शेगडीच्या गॅसचं काय? त्याचा डिटेक्टर वेगळा, फरशीजवळ बसवलेला. एलपीजी हवेपेक्षा जड, गळला तर बोटीच्या तळात साठतो, बादलीत पाणी साठावं तसा. तो गप्प होता, कारण त्याचं काम नव्हतं. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र राहण्याची सोय असलेल्या बोटींना एप्रिल २०१९ पासून सक्तीचा आहे. नसता, तर अभयने इंजिन आठपर्यंत नक्कीच चालवलं असतं.

आजारी बॅटरी काढून, फ्रिज बंद ठेवून, दूध गार पाण्याच्या बादलीत ठेवून आम्ही एल्समिअरला पोचलो. अभय हल्ली झोपायच्या आधी वाकून प्रत्येक बॅटरीला हात लावून बघतो, तापलेल्या पोराच्या कपाळाला लावावा तसा.