मंडपेश्वराचा क्रूस

आपल्या चर्चासत्रांतून 'डायस्पोरा' ही संज्ञा आता इतकी रुळली आहे की तिच्या मुळाशी असलेले गृहीतक सहसा तपासले जात नाही. माणूस जन्मभूमी सोडून दूर जातो आणि मग त्याची अस्मिता दुभंगते, हे ते गृहीतक. बोरिवलीच्या मंडपेश्वर लेण्यात पदव्युत्तर वर्गाला नेऊ लागल्यापासून मला ते अपुरे वाटू लागले आहे.

मंडपेश्वर हे जोगेश्वरीच्या लेण्याच्या काळाजवळचे, साधारणतः सहाव्या शतकातील शैव लेणे. त्यातील नटराजाचा शिल्पपट भंगलेला असला तरी नृत्याचा तोल त्यात अद्याप जाणवतो. मात्र विद्यार्थी थबकतात ते दुसऱ्याच एका भिंतीपाशी. तेथे मूळ शिल्प तासून उठावाचा एक मोठा क्रूस काढलेला आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास फ्रान्सिस्कन धर्मगुरू अंतोनिओ दो पोर्तो यांच्या पुढाकाराने या लेण्याचे ख्रिस्ती प्रार्थनास्थळ झाले आणि वर मठ उभा राहिला. १७३९ मध्ये वसई मराठ्यांनी जिंकली; पुढे मठ ओसाड पडला. त्याच्या भिंती लेण्याच्या माथ्यावर आजही उभ्या आहेत. खाली महाशिवरात्रीला भाविकांची रांग लागते.

उठावाच्या शिल्पात दगडाची भर घालता येत नाही, तो केवळ काढता येतो. म्हणजे हा क्रूस बाहेरून आणून बसविलेला नाही. पूर्वीच्या आकृतींचा जो दगड शिल्लक राहिला, तोच त्याचा देह आहे. अशा वास्तूंविषयी लिहिताना 'समन्वय' हा शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरला जातो. मला तो येथे मान्य नाही. ही मोडतोड आहे, आणि तिला मोडतोडच म्हटले पाहिजे.

परंतु एका ईस्ट इंडियन विद्यार्थिनीने त्या भिंतीसमोर विचारले, "मॅडम, आमचे पूर्वज यात कोणत्या बाजूला होते?" या प्रश्नाने माझ्या निवाड्याला पुढचा टप्पा दिला. साष्टी-वसईतील कोळी, कुणबी, भंडारी अशा कुळांतून धर्मांतरित झालेला हा समाज. तासला गेलेला देव त्यांच्या पूर्वजांचा होता आणि त्या जागी उमटलेला क्रूसही पुढे त्यांचाच झाला. त्यांच्यापैकी कोणी समुद्र ओलांडला नव्हता. बदलत गेली ती सत्ता आणि नावे. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षी, गोव्याहून आलेल्या ख्रिस्ती लोकांपासून आपले वेगळेपण दाखविण्यासाठी त्यांनी 'ईस्ट इंडियन' हे अभिधान स्वीकारले. पश्चिम किनाऱ्यावरच्या भूमिपुत्रांनी व्यापारी कंपनीच्या नावातून घेतलेले 'पूर्वेकडचे' हे नाव! स्थलांतरितांच्या साहित्याविषयीच्या आपल्या चर्चेत न हललेल्या माणसाच्या या परकेपणाला जागाच नाही.

भाषेचे वर्तन मात्र दगडाहून निराळे आहे. फादर थॉमस स्टीफन्स या इंग्रज जेझुइटाचे 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये गोव्यात रायतूर येथे रोमी लिपीत छापले गेले. तेथे ख्रिस्तकथेसाठी ओवीला तासावे लागले नाही. पुराणाचा घाट शाबूत राहिला आणि आशय त्यात सामावला. दोन्ही कृती एका शतकाच्या आत, एकाच साम्राज्याच्या छायेत घडल्या. धर्मसत्तेचा हेतूही फारसा वेगळा नव्हता. माध्यम वेगळे होते, आणि साहित्याच्या अभ्यासकाने लक्ष द्यावे असा फरक येथेच आहे.

स्टीफन्सचा ग्रंथ आपण नेमतो, शिकवतो. पण ज्या गावठाणांत लुगडे नेसलेल्या बाया लग्नात 'उंबराचे पाणी' आणताना मराठी गाणी म्हणत आल्या, ती गाणी आपण 'बोली' म्हणून लोकसाहित्याच्या एखाद्या उपघटकात टाकून मोकळे होतो. मरोळ, एक्सर, गोराई ही गावठाणे आपल्या महाविद्यालयांपासून रिक्षाच्या अंतरावर आहेत. तेथील कितीतरी कुटुंबे आता कॅनडा-ऑस्ट्रेलियात स्थायिक झाली असून गाणी येणाऱ्या म्हाताऱ्या तेवढ्या मागे राहिल्या आहेत. त्या विद्यार्थिनीने प्रबंधिकेसाठी हाच विषय निवडला असून आजीकडची पहिली ध्वनिफीत तिने परवाच आणून दिली.