पुणे ते बंगळूर : स्वस्त विमानाची उलटी पट्टी

आडत्याच्या पेढीवरून पट्टी हातात पडली की आपण आधी खालचा आकडा बघतो. वरची रक्कम कितीही गोड असली तरी हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा होऊन खाली काय उरले त्यावर घरचा बाजार ठरायचा. हे शहाणपण आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही. पण विमानाच्या तिकिटापुढे बसलो की आपण ते साफ विसरतो. तिथली पट्टी असते उलटी. वरचा आकडा लहान, आणि खाली उतरावे तसा फुगत जाणारा.

गेल्या माघात आमच्या धाकट्या लेकीचे दिवस भरत आले. पहिले बाळंतपण माहेरी व्हायचे, पण डॉक्टरांनी प्रवास नको म्हणून बजावले. जावईबापू बंगळूरला नोकरीला. तेव्हा माहेरानेच उठून लेकीकडे जायचे ठरले. आमचे गाव नारायणगावापासून तासाभराच्या पायवाटेवर. मी मास्तरकीतून निवृत्त झालेला, आता पूर्णवेळ टोमॅटोच्या मागे. मी म्हणालो, पुण्याहून उद्यान एक्सप्रेसने जाऊ, वीस-एकवीस तासांत पोचवते. पण सौ.चे गुडघे धरलेले. शेजारच्या बाळूने फोन पुढे केला. "काका, बत्तीसशेत विमान आहे. दीड तासात बंगळूर. काकूंना रेल्वेत कशाला हाल?"

दोघांचे चौसष्टशे. त्या आठवड्यात टोमॅटोचा क्रेट अडीचशेच्या आत गेला होता, तरी मी हो म्हणालो.

बाळू फोनवर बोटे फिरवू लागला तसतसे एकेक पान उघडत गेले. आसन निवडा म्हणाले. मागची मधली काही आसने फुकट होती, पण दोघे दोन टोकांना. सौ.ने जन्मात विमान पाहिलेले नाही, ती एकटी कशी बसणार? शेजारची दोन आसने घेतली, सहाशे रुपये. मग विमा, मग जेवण, मग आमचे सामान आधी उतरवून देण्याची सोय. ते सगळे नको म्हणत म्हणत पुढे गेलो. शेवटच्या पानावर सुविधा शुल्क म्हणून माणशी साडेतीनशे. कसली सुविधा, असे मी विचारले. बाळू म्हणाला, "काका, पैसे भरायची सुविधा." पैसे घेण्याबद्दल पैसे! आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरीला ही युक्ती कळली नाही म्हणून बरे. चौसष्टशेचे सत्त्याहत्तरशे झाले.

ही रीत आपल्याकडे कशी आली तेही सांगण्याजोगे आहे. भारतात स्वस्त विमानाची वाट २००३ साली एअर डेक्कनने पाडली. ती काढणारे कॅप्टन गोपीनाथ हे लष्करातून बाहेर पडून कर्नाटकात हसनजवळ शेती करीत होते. रेशीमशेतीतल्या कामाबद्दल त्यांना १९९६ साली रोलेक्स पुरस्कारही मिळाला होता. म्हणजे माणूस आपल्यातलाच. त्यांच्या कंपनीने एक रुपयाचे तिकीटही विकले. खाणे फुकट नाही, आसनाला नंबर नाही, ज्याने आधी पाय ठेवला त्याने जागा धरली, थेट एसटीसारखे. आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन हे कंपनीचे चिन्ह. पुढे २००८ साली ती किंगफिशरमध्ये विरून गेली, पण जे लागेल तेवढ्याचेच पैसे द्या ही कल्पना मागे राहिली. कल्पना वाईट नव्हे. जो खात नाही त्याने दुसऱ्याच्या ताटाचे का भरावे? घोळ होतो तो पुढे, अडल्या माणसाला जे लागणारच आहे तेही वेगळे मोजायला लागले की.

युरोपात तर ही विद्या फार पुढे गेली. आयर्लंडच्या रायनएअरने जर्मनीतल्या हान नावाच्या ठिकाणी विमाने उतरवली आणि नाव दिले फ्रँकफुर्ट-हान. तिथून फ्रँकफुर्ट शहर सुमारे १२० किलोमीटर. पुण्याचे तिकीट काढून माणसाला अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला, उतरवावे तसे. त्याच कंपनीच्या प्रमुखांनी, मायकेल ओलिअरी यांनी, २००९ साली विमानातल्या शौचालयालाही नाण्याचे कुलूप लावण्याचा विचार बोलून दाखवला होता. तो काही अमलात आला नाही.

असो. आमची स्वारी पहाटे पुतण्याच्या पिकअपमधून लोहगावला पोचली. काउंटरवर बॅगा ठेवल्या. नियम असा, की माणशी पंधरा किलो सामान विमानाच्या पोटात आणि सात किलो हातात. आमचे दोघांचे मिळून तीस. काटा दाखवू लागला सदतीस. डिंकाचे लाडू, अळीव, घरच्या गाईचे तूप, बाजरीचे पीठ, कुरडया-पापड, बाळंतविडा. सौ.ने महिनाभर राबून जमवलेले. काउंटरवरची मुलगी मराठीच होती. म्हणाली, "काकू, सात किलो जास्त आहे. किलोमागे साडेसहाशे पडतील."

साडेचार हजारांवर रक्कम जात होती. सौ. माझ्याकडे बघेना. ती गुमान खाली बसली आणि बॅगेची चेन उघडली. रांगेतली माणसे घड्याळे बघत होती. मला त्या क्षणी जी लाज वाटली ती पैशाची की कशाची, अजून सांगता येत नाही.

मागे उभ्या एका वयस्कर गृहस्थांनी रस्ता दाखवला. "हातातल्या पिशवीत जागा आहे ना? तिच्यात भरा. तूप मात्र तिथे नका घालू, सुरक्षावाले काढून ठेवतील." दोन किलो कुरडया-पापड हातात आले. बाळाची गोधडी सौ.ने शालीसारखी खांद्यावर घेतली, एक किलो कमी झाले. एवढ्यात मुलीने नेहमीचा प्रश्न केला, लायटर, पॉवर बँक, सुके खोबरे आहे का? सौ. खोटे बोलत नाही. किलोभर खोबऱ्याच्या वाट्या होत्या. खोबरे विमानात चालतच नाही. त्यात तेल असते, कोंदट जागेत ते आपोआप तापून पेट घेऊ शकते, म्हणून ते धोक्याच्या मालात मोडते. कडब्याची ओली गंजी कशी आतून तापते ते ठाऊक असल्याने मला पटले, सौ.ला नाही पटले. फोन करून पुतण्याला दारापाशी बोलावले आणि खोबरे परत गावी धाडले.

उरले तीन किलो जास्त. एकोणीसशे पन्नास रुपये मोजले. त्या आठवड्याच्या भावाने आठ क्रेट टोमॅटो. पुढे कळले की हेच वजन घरबसल्या आधी नोंदवले असते तर बरेच स्वस्तात पडले असते. आणि त्याहून पुढचे म्हणजे, घरात कांदा तोलायचा ताणकाटा खुंटीला लटकत असताना आम्ही बॅगा हाताने उचलून "असेल पंधरा" म्हणालो होतो!

विमान छान होते, खोटे का बोलू? ढगांच्या वर गेल्यावर सौ.ने माझा हात धरला तो सोलापूर जिल्हा मागे पडला असेल तोवर सोडला नाही. चहा प्यालो, दोन पेल्यांचे तीनशे. पाणी मागितल्यावर फुकट मिळाले. एकूण बेरीज नऊ हजार नऊशे पन्नास.

बंगळूरचा विमानतळ शहरात नाही, देवनहळ्ळीला आहे, तीस-पस्तीस किलोमीटर बाहेर. बाहेर पडताच केंपेगौडांचा १०८ फुटी पुतळा, २०२२ साली उभा केलेला. हा मुलूख द्राक्षांचा आणि चकोत्र्याचा. इथल्या चकोत्र्याला भौगोलिक मानांकनही आहे. टॅक्सीवाल्यांनी गराडा घातला, पण जावयांनी आधीच सांगून ठेवले होते, वायू वज्र नावाच्या सरकारी बसमध्ये बसा. बसलो. वाटेत द्राक्षाचे मांडव दिसले तशी सौ. जरा बोलती झाली.

जावयांना कायद्याची बरी माहिती. त्यांनी जेवताना सांगितले ते इथे देतो, कुणाच्या उपयोगी पडेल. आसन, विमा, जेवण या जादा गोष्टी आपण स्वतः मागितल्या तरच कंपनीने लावायच्या, आधीच खूण करून ठेवायची नाही, असा विमान वाहतूक महासंचालनालयाचा दंडक आहे. बारा वर्षांपर्यंतचे मूल आईबापांपैकी एकाशेजारी बसवावे, असे २०२४ साली कंपन्यांना सांगितले गेले. विमानतळावर बोर्डिंग पास काढून देण्याबद्दल दोनशे रुपये घेत, ते घेऊ नयेत असे सरकारने जुलै २०२२ मध्ये बजावले. आणि तिकीट रद्द केले, अगदी "परतावा नाही" असे लिहिलेले असले, तरी त्यातले कर आणि विमानतळाचे शुल्क परत मागता येते. पुष्कळ लोक ते मागतच नाहीत. कंपनीने ऐकले नाही तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करायचा.

मी आठ दिवसांनी एकटाच परतलो, उद्यान एक्सप्रेसने. स्लीपरच्या तिकिटावर चाळीस किलोपर्यंत सामान फुकट नेता येते, आणि माझ्याजवळ होती एक पिशवी. असा हा न्याय!

सौ. तीन महिने तिकडेच राहिली. मुलगी झाली, नात. आणायला मी पुन्हा विमानानेच गेलो, कारण गुडघे काही सुधारले नव्हते. या वेळी ताणकाटा सोबत नेला. लेकीच्या सोसायटीत शेजारणी जमल्या, त्यांच्याही बॅगा तोलून झाल्या.

राहिले खोबरे. पहिल्याच दिवशी मी कोपऱ्यावरच्या दुकानात चौकशी केली. दुकानदाराने तिपटूरच्या खोबऱ्याच्या वाट्या पुढे टाकल्या. तिपटूरचा खोबऱ्याचा बाजार नावाजलेला, हे मला तेव्हा कळले. वाट्या पांढऱ्याशुभ्र, जाड, घट्ट. सौ.ने एक तुकडा चावून पाहिला, काही बोलली नाही, आणि दोन किलो घेतले.